मिटल्या डोळ्यांची कॉर्ड

एल्मर पाचेको डोळे मिटतो तेव्हा मला त्याच्या अंगावर काहीतरी फेकून मारावंसं वाटतं. एरवीही वाटतं, पण तेव्हा जास्त.

गाणं चालू असतं. माझ्या बाबांचं गाणं. पहिली ओळ होते, दुसरी होते, आणि तिसरीच्या शेवटी ती एक कॉर्ड येते, जिला आमच्या केउकाहा वस्तीत सगळे ‘अंकलची ऑगमेंटेड’ म्हणतात. ती आली की एल्मर मान जराशी मागे घेतो, भुवया जवळ आणतो आणि डोळे गच्च मिटतो. साक्षात परमेश्वरानं दर्शन दिलं ह्याला, दुसऱ्या कुणाला नाही. तो मिटतो म्हणून ग्लाडिस फुजिकावा मिटते, ती मिटते म्हणून तिची बहीण मिटते, आणि गुरुवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये जमलेली सगळी पांढऱ्या केसांची मंडळी डोळे मिटून बसतात. उकुलेले वाजवतायत की डोळ्यांत औषध घालून घेतायत, परक्या माणसाला कळायचं नाही.

कारण काय, तर त्या जागी बाबा डोळे मिटायचे.

माझे बाबा म्हणजे सॉलोमन, हवाईतल्या अख्ख्या हिलो गावाचे अंकल सॉल. दिवसभर बंदरावर पेट्या उचलायच्या आणि गुरुवारी हॉलमध्ये उकुलेले, म्हणजे आमची चार तारांची चिमुकली गिटार, शिकवायची, असं त्यांनी जन्मभर केलं. शिकवायची म्हणजे काय, ते वाजवायचे आणि बाकीच्यांनी समोर बसून बघायचं. कागद आणायचा नाही, पेन्सिल आणायची नाही, आणि मुख्य म्हणजे प्रश्न विचारायचा नाही. आमच्याकडे जुनी माणसं असंच शिकवत आली. डोळे आणि कान उघडे ठेवा, तोंडाचं काही काम नाही. ज्याला उचलता येईल त्यानं उचलावं, नाही त्यानं घरी जाऊन भात लावावा.

बाबा गेले आणि त्यांच्या खुर्चीत एल्मर बसला. कुणी बसवला नाही, आपणच बसला. बसताना म्हणाला, ‘‘कुणीतरी बसायलाच हवं.’’ खुर्चीबरोबर त्यानं टोपीही घेतली, बाबांच्या टोपीसारखी विणलेली, वर पिसांची पट्टी. बाबांची पट्टी उन्हानं विटलेली होती. ह्याची दुकानातून आल्यासारखी चकचकीत आहे.

ती ऑगमेंटेड तो नव्या माणसाला लगेच दाखवत नाही. आधी भाव खातो. ‘‘ऑगमेंटेड म्हणजे वाढवलेली,’’ तो म्हणतो. ‘‘काय वाढवलेली? भावना वाढवलेली.’’ मग पंधरा माणसं माना डोलावतात. मी एकदा दारात उभी राहून नीट ऐकलं होतं. वरच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावर एक बोट, खालच्या तारेवर पहिल्या पडद्यावर एक बोट, मधल्या दोन तारा मोकळ्या. हाताला पीळ पडतो, आणि एवढं करून ऐकू काय येतं, तर साधी सेव्हन्थ. तीच, जी आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही एका बोटानं वाजवता येते. पण तसं म्हणायची सोय नाही. म्हटलं की तुम्हाला कान नाही.

मागे एक ओरेगनचा माणूस हॉलमध्ये आला होता. उकुलेलेला ‘युकलेली’ म्हणणाऱ्यांपैकी. भला माणूस होता बिचारा, चपला दाराबाहेर काढून आला. त्यानं फोनमध्ये बघितलं आणि म्हणाला, ‘‘माफ करा, पण इथे ही कॉर्ड उलटी दाखवलीय.’’

‘‘फोन उलटा धरला असशील,’’ एल्मर म्हणाला.

सगळे हसले. मग एल्मरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला समजावलं, की तुमच्याकडची ऑगमेंटेड वेगळी, ही आमची आहे, अंकलच्या बोटांतून आलेली. तो माणूस पुढच्या गुरुवारी आला नाही. मला त्याचं काही सुखदुःख नव्हतं. मला झोंबलं ते पुढे, आईवरून.

आईचं नाव लाहेला. हे झालं तेव्हा तिला अठ्ठ्याऐंशी पूर्ण व्हायला महिना उरला होता. तरुणपणी ती हुला अशी नाचायची की बंदरावरचे लोक डबा खायचे थांबायचे. ते गाणं बाबांनी तिच्यावरच केलं, मी लग्न होऊन होनोलुलूला गेले त्यानंतर. गाण्यात फार काही नाही. ती पावसातून अंगणात येते, केस पिळते, आणि आमच्या व्हरांड्याच्या पायरीवर पाय ठेवते. एवढंच. तिसऱ्या ओळीच्या शेवटी टाच उचललेली असते, आणि चौथ्या ओळीला पाऊल पायरीवर टेकतं. नवरा गेल्यावर मी परत आले तोवर बाबांचे हात थरथरायला लागले होते, म्हणून त्यांनी ते एकट्यानं वाजवलेलं मला कधी मिळालंच नाही. हॉलमध्ये तर एकटं वाजवायची सोयच नसे. त्यांनी सुरुवात केली की दुसऱ्या शब्दाला एल्मर सोबतीला हजर.

आईचा उजवा कान केव्हाच गेलाय. डाव्यात यंत्र आहे. गेल्या खेपेला डॉक्टर म्हणाले, हाही नाताळपर्यंत टिकला तर टिकला. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, ‘‘तुझ्या बाबांचं गाणं एकदा नीट ऐकायचंय मला. मग जाऊ दे कान.’’

मी शहाणीनं एल्मरला सांगितलं. तो अख्खी पलटण घेऊन घरी आला. व्हरांड्यात दाटीवाटीनं बसले, वाजवलं, योग्य जागी डोळे मिटले, पुसले. आई म्हणाली, ‘‘छान वाजवलंत. जेवून जा.’’

आमच्या घरात ‘छान, जेवून जा’ म्हणजे नापास. हे फक्त घरच्यांना माहीत आहे. ते लोक पोटभर जेवून गेले.

‘‘काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘मी पायरी चढलेच नाही,’’ आई म्हणाली. ‘‘हे लोक मला अंगणातच उभी ठेवतात. भिजत.’’

‘‘म्हणजे काय? बाबा काय वेगळं करायचे?’’

‘‘मला काय विचारतेस. मी वाजवत होते का? मी नाचायचे. तो ते वाजवायचा आणि टाच आपोआप उचलली जायची. ह्यांच्यानं उचलत नाही. मी मुद्दाम उचलून बघितली खुर्चीत, तरी जड राहते.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘आता काय, एल्मरचंच कानात ठेवून बहिरी व्हायचं मी.’’

ती चेष्टेनं म्हणाली, पण मला रडू आलं. ते लपवायला मी भांडी घासायला गेले आणि चांगली आपटून घासली.

दुसऱ्या गुरुवारी मी खुंटीवरची बाबांची उकुलेले काढली आणि हॉलमध्ये गेले. मला वाजवता येतं ते तीन कॉर्डपुरतं. तेवढं आमच्या घरातल्या मांजरालाही येत असेल. लहानपणी बाबांनी मांडीशी बसवून शिकवलं, आणि मी त्यांच्यासारखीच डावखुरी, त्यामुळे उकुलेलेही त्यांच्यासारखीच धरते, मान उजवीकडे. तारा बदलायच्या भानगडीत बाबा कधी पडले नाहीत. जशी दुकानातून आली तशी उलटी धरली. वरची तार खाली, खालची वर.

‘‘नोहेआ,’’ एल्मर म्हणाला, ‘‘मॅकरोनी सॅलड आणलंस?’’

‘‘उकुलेले आणलीय. दिसत नाही का? ती कॉर्ड शिकव मला. आईला ऐकायचीय. नीट.’’

‘‘नीट म्हणजे? मी वाकडी वाजवतो?’’

‘‘तू शिकव रे बाबा.’’

त्यानं ग्लाडिसकडे बघून हसून घेतलं. मग खुर्ची ओढली आणि मला समोर बसवलं, गुडघ्याला गुडघा. ‘‘मी अंकलच्या पुढ्यात असाच बसायचो,’’ तो म्हणाला. ‘‘आरशात बघावं तसं बघायचो. बाकीच्या कॉर्ड काय, सगळ्यांनाच येतात. पण ही कुणी ऐकलेली नव्हती, पाहिलेली नव्हती. ही मी नुसत्या डोळ्यांनी उचलली. आणि ह्या सगळ्यांनी माझ्याकडून. तोंड बंद ठेव आणि बघ.’’

मी बघितलं. वरच्या तारेवर तिसरा पडदा, खालच्या तारेवर पहिला. माझ्या हातात वर जी तार होती तिच्यावर तिसऱ्यावर बोट ठेवलं, खाली जी होती तिच्यावर पहिल्यावर, आणि छेडलं.

हॉलमधे कुणीतरी खुदकन हसलं. आवाज विचित्रच होता. अर्धवट. वाक्य बोलता बोलता कुणी दारात थांबावं तसा.

‘‘हे काय वाजवलंस?’’ एल्मर म्हणाला.

‘‘तू दाखवलंस ते.’’

त्यानं वाकून माझी बोटं बघितली. चष्मा वर करून बघितली. ‘‘बोटं तर बरोबर आहेत,’’ तो म्हणाला. ‘‘पुन्हा वाजव.’’ मी वाजवलं. त्यानं दाढ दुखल्यासारखं तोंड केलं. ‘‘नाही. बोटं बरोबर आहेत आणि तरी असं वाजतंय, म्हणजे हाताचाच दोष. डावखुऱ्या माणसाचा भाव उतरत नाही तारेत.’’

‘‘बाबा डावखुरेच होते, एल्मर.’’

‘‘अंकलची गोष्ट वेगळी. अंकल अंकल होते.’’ आणि माझ्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, ‘‘तू तीन कॉर्ड वाजव. ह्या जागी हात नुसता थांबव, आम्ही आहोत. आणि आंटी लाहेलाच्या वाढदिवसाला ते सॅलड मात्र कर, कांदा जास्त घालून.’’

अकलेचे असे तारे तोडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. मी उठले, चपला घातल्या आणि घरी आले. येताना भिजले, तेही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात उकडलेला कंद सोलत बसली होती. मी तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसून उकुलेलेवर राग काढत होते. तीच बोटं, तोच विचित्र आवाज. एल्मरचं म्हणणं खोटं पाडायचं होतं आणि कसं पाडायचं ते कळत नव्हतं. शेवटी म्हटलं, निदान गाण्यात घालून बघावं. पहिल्या ओळीपासून धरलं. दुसरी ओळ. तिसरी. तिच्या शेवटी ती वेडीवाकडी कॉर्ड, आणि मग चौथीची पहिली.

सोलायचा चाकू थांबला.

‘‘पुन्हा,’’ आई म्हणाली.

मी पुन्हा वाजवलं. ह्या वेळी मी तिच्याकडे बघत होते. टेबलाखाली सपातेत तिचा पाय होता. तिसऱ्या ओळीच्या शेवटी टाच वर आली. आईनं उचलली नाही, ती आली. मी मुद्दाम त्या कॉर्डवर थांबून राहिले, तर टाच तशीच हवेत, आणि आई माझ्याकडे रागानं बघायला लागली. ‘‘टेकव ना मला,’’ ती म्हणाली. मी पुढची कॉर्ड वाजवली आणि टाच जमिनीला लागली.

‘‘हेच,’’ आई म्हणाली. ‘‘हेच ते. कुठून आणलंस?’’

‘‘एल्मरकडून,’’ मी म्हटलं, आणि माझाच माझ्यावर विश्वास बसेना.

संध्याकाळी दिवा लावला आणि खिडकीच्या काचेत मी दिसले, उकुलेले घेऊन. काचेतली बाई उजव्या हातानं वाजवणारी होती. बोटं मात्र तिथेच, वर तिसऱ्यावर, खाली पहिल्यावर. हुबेहूब एल्मर. आणि मग माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला, आणि मी इतकी हसले की आईनं कानातलं यंत्र चाचपून बघितलं.

बाबांची उकुलेले उलटी. त्यांच्या वरच्या बाजूला जी तार, ती बाकीच्यांच्या खालच्या बाजूला. एल्मर समोर बसला, आरशात बघावं तसं बघितलं, आणि वरचं बोट वर, खालचं खाली ठेवून दिलं. जागा त्याच, पण तारा बदलल्या. बाबा वाजवायचे ती ऑगमेंटेड, जिच्यातला एक सूर अर्धी पायरी वर चढवून ठेवलेला असतो आणि पुढच्या कॉर्डवर टेकेपर्यंत जिवाला चैन पडू देत नाही. एल्मरनं उचलली ती निघाली साधी सेव्हन्थ, चांगली दोन्ही पाय जमिनीवर रोवून उभी. सेव्हन्थ तिथं खपूनही जाते, म्हणून कुणाला शंका आली नाही. आणि मी डावखुरी त्याच्यासमोर बसून त्याची नक्कल केली, तेव्हा उलट्याचं पुन्हा सुलट झालं. ओरेगनवाल्याचा फोन बरोबर होता.

‘‘पण मग बाबा डोळे का मिटायचे तिथं?’’ मी आईला विचारलं.

‘‘का म्हणजे? सहन व्हायचं नाही म्हणून,’’ आई म्हणाली. ‘‘दर गुरुवारी घरी येऊन कपाळ धरून बसायचा. लाहेला, आजपण सगळ्यांनी तिथंच माती खाल्ली.’’

‘‘मग सांगायचं ना त्यांना.’’

‘‘कुणी विचारलं तर सांगेल ना. विचारायचं नाही, हा नियम कुणाचा? आपणच दाराला कडी लावली आणि आत बसला. मी म्हणायचे, सॉल, तोंड उघड. तर म्हणायचा, आज ना उद्या कळेल त्यांना. ते डोळे मिटायला लागले तेव्हा तर त्याला वाटलं, कळलंच. मोठा गाढव माणूस.’’ आणि सालं गोळा करत म्हणाली, ‘‘पण वाजवायचा चांगला.’’

बाबांवर माझा जीव होता. पण त्या संध्याकाळी मला त्यांचीही कीव आली. जन्मभर दर गुरुवारी डोळे मिटले, पण जीभ हलवली नाही. अशानंच एल्मर पाचेको तयार होतात.

वाढदिवसाला सगळी पलटण आली. पावसानं उघडीप दिली होती, म्हणून आईची खुर्ची अंगणातच मांडली, गळ्यात फुलांचे हार कानापर्यंत. एल्मरनं उकुलेले जुळवायला घेतली तर आई म्हणाली, ‘‘आधी नोहेआ. एकटी.’’

‘‘आंटी, तिला ती कॉर्ड—’’

‘‘एल्मर, तू सॅलड खा.’’

मी वाजवलं. चार लोकांपुढे अख्खं गाणं मी कधी वाजवलेलं नव्हतं. पहिल्या ओळीला आई खुर्चीतून उठली. मी थांबणार होते, तर तिनं हातानंच खुणावलं, चालू दे. दुसऱ्या ओळीला तिनं केस पिळले, जे आता पिळण्याएवढे उरलेले नाहीत. तिसऱ्या ओळीला व्हरांड्याचा कठडा धरून ती पायरीपाशी आली. मी ती कॉर्ड छेडली आणि तिची टाच उचलली गेली, आणि मग चौथी ओळ, आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांची माझी आई आमच्या पायरीवर उभी होती. रडत होती आणि हसत होती. मीही रडत होते, मला लाज वाटली नाही.

टाळ्या झाल्या. एल्मर पुढे आला. ‘‘हात दाखव,’’ तो म्हणाला. ‘‘ती कॉर्ड धर.’’

मी धरली. तो समोर उभा राहिला, वाकला, चष्मा वर केला. वर तिसरा, खाली पहिला, मधल्या मोकळ्या. मग ताठ होऊन सगळ्यांना म्हणाला, ‘‘बघा. हेच तर मी वाजवतो.’’

‘‘एल्मर, तू माझ्या शेजारी येऊन बस,’’ मी म्हटलं. ‘‘समोरून ते उलटं दिसतंय तुला. बाबांचंही तुला उलटंच दिसलं.’’

‘‘तूही आता त्या फोनवाल्यासारखं बोलायला लागलीस.’’

‘‘तारा बघ ना. बोटं नको बघूस. माझ्या तारा उलट्या आहेत.’’

‘‘नोहेआ,’’ तो अगदी प्रेमानं म्हणाला, ‘‘मी शिकवलं ना तुला? मग आता मीच तुझ्या शेजारी बसून शिकू?’’ लोक हसले. ‘‘भाव उतरायला जरा वेळ लागला एवढंच. मी म्हटलं नव्हतं, येईल म्हणून?’’

त्यानं असं काहीही म्हटलं नव्हतं. मी पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात तो वळून ओरडलासुद्धा, ‘‘चला, आता सगळे मिळून. आंटी लाहेलासाठी.’’

आई पायरीवर बसली होती. तिनं डाव्या कानातलं यंत्र काढलं, रुमालात गुंडाळलं आणि हारांच्या आत कुठेतरी ठेवून दिलं. ‘‘माझं ऐकून झालं,’’ ती म्हणाली. ‘‘आता वाजवा तुम्हाला काय वाजवायचं ते.’’ ही आंटीची गंमत, असं वाटून सगळे आणखी हसले.

पंधरा उकुलेले सुरू झाल्या. मीही वाजवत होते, मधे बसून, बाबांच्या जागी बाबांचंच उलटं लाकूड घेऊन. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीच्या शेवटी मी माझी कॉर्ड छेडली आणि चहूबाजूंनी ती सेव्हन्थ माझ्यावर येऊन आदळली. सूर सुरावर असा घासला की माझी मान आपोआप मागे गेली, भुवया जवळ आल्या, आणि डोळे गच्च मिटले गेले.

उघडले तेव्हा एल्मर वाजवता वाजवता माझ्याकडेच बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

‘‘आता आलं तुला,’’ तो म्हणाला. ‘‘अगदी अंकल.’’